‘शिक्षकेतर’ म्हणजे नेमकं कोण?

माझ्या ओळखीतली एम.ए., एम.एस्सी. झालेली मंडळी विद्यापीठातून बाहेर पडणारं एकच गद्य मन लावून वाचतात. भरतीची जाहिरात. प्रबंध परीक्षक वाचतो, शोधनिबंध फार तर संपादक चाळतो, दीक्षान्त समारंभातलं भाषण ऐकणाऱ्यांनाही आठवत नाही. जाहिरात मात्र ओळ न् ओळ वाचली जाते. पीडीएफ मोबाइलवर उघडायची, दोन बोटांनी ताणून मोठी करायची, आपला विषय शोधायचा, त्यापुढे आपला प्रवर्ग, त्यापुढे आकडा. मग तळटिपा. ‘समकक्ष पदवी’त आपली पदवी बसते का, ‘अनुभव’ म्हणजे नेमका कुठला, यावर व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर रात्री बारापर्यंत काथ्याकूट चालतो. एम.ए.ला आम्ही मर्ढेकरही इतके बारकाईने वाचले नव्हते.

मी मराठी घेऊन एम.ए. केलं, सेट झाले आणि गेली सात वर्षं या जाहिराती वाचते आहे. मुंबईच्या, पुण्याच्या, कोल्हापूरच्या, नांदेडच्या. आता वाटतं, यांच्याकडे एक लेखनप्रकार म्हणून पाहायला हवं. यांना स्वतःची भाषा आहे. ठरलेला आकृतिबंध आहे (हा शब्द आम्ही कवितेच्या घाटासाठी वापरायचो, सरकारी कागदात तो मंजूर पदांच्या तक्त्याला म्हणतात). यांत पात्रंसुद्धा आहेत, आणि ‘पात्र’ या शब्दाचे दोन्ही अर्थ इथे एकाच ओळीत नांदतात.

आधी शिक्षकाची जाहिरात घेऊ, कारण तिच्यावर शाई जास्त खर्च होते.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत एक तक्ता आहे. विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायचं तर मुलाखतीला कुणाला बोलवायचं, हे त्यावरून ठरवायचं. पदवीला ८० टक्क्यांच्या वर असाल तर १५ गुण, पदव्युत्तरला २५, पीएच.डी.ला ३०. जेआरएफसह नेट असेल तर ७, नुसती नेट असेल तर ५, सेट असेल तर ३. शोधनिबंधाला प्रत्येकी २, जास्तीत जास्त १०. शिकवण्याच्या अनुभवाला वर्षाला २, तेही जास्तीत जास्त १०. पुरस्कार मिळाला असेल तर आणखी दोन-तीन. विशीपासून पस्तिशीपर्यंतचं अख्खं आयुष्य एका पानात मावतं.

या तक्त्यात एक ओळ मला नेहमी अडवते. नेट आणि सेट, दोन्ही परीक्षा पात्रता देतात. महाराष्ट्रात शिकवायला दोन्ही सारख्याच चालतात. पण गुण ५ आणि ३. आता नेटचा सामाईक पहिला पेपर हिंदीत किंवा इंग्रजीत सोडवायचा असतो, आणि आपल्याकडची सेट, जी पुण्याचं विद्यापीठ घेतं, तिचा पहिला पेपर मराठीत सोडवता येतो. म्हणजे मातृभाषेत पहिला पेपर दिल्याची किंमत दोन गुण. कुणी तसं ठरवलं असेल असं मी म्हणत नाही. तक्ता मात्र तसं बोलतो, आणि मराठी विषयाच्या जागेसाठीही तसंच बोलतो, ही त्यातली गंमत.

शोधनिबंधांचंही तसंच. प्रत्येकी २ आणि कमाल १०, म्हणजे पाच निबंध झाले की संपलं. सहावा लिहायचं कारण तक्त्याकडे नाही. पाचवा लवकर व्हावा म्हणून पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकांचा बाजार उभा राहिला. त्याला आळा घालायला यूजीसीने ‘केअर’ यादी आणली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तीही गुंडाळली. एवढं सगळं बेरीज करून झाल्यावर त्याच तक्त्याखाली टीप येते: हे गुण फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरते, निवड मुलाखतीतल्या कामगिरीवरच. रहस्यकथेत शेवटच्या पानावर ‘आधीचे पुरावे विसरा’ असं सांगितलं तर वाचक पुस्तक भिरकावेल. इथे वाचक पुढच्या जाहिरातीची वाट पाहतो.

प्रवर्गांच्या रकान्यातला तो एकुलता ‘१’ही नुसता आकडा नसतो. तो बिंदुनामावलीतून येतो, आणि बिंदू मोजायचे कुठून, यावर देशभर भांडण झालेलं आहे. २०१८ च्या मार्चमध्ये यूजीसीने विभाग हे एकक धरायला सांगितलं. तेरा बिंदूंच्या त्या पद्धतीत पहिली ओबीसी जागा चौथ्या क्रमांकावर, पहिली अनुसूचित जातीची सातव्या आणि पहिली जमातीची चौदाव्या क्रमांकावर येते. भाषांचे कितीतरी विभाग तीन-चार शिक्षकांचे असतात. अशा विभागात सातवा क्रमांक यायला किती निवृत्त्या लागतील, हिशोब करा. केंद्रीय संस्थांपुरता हा प्रश्न २०१९ च्या कायद्याने विद्यापीठ हेच एकक ठरवून सोडवला. पण वाचायची खोड लागली ती लागली. कुठलीही जाहिरात उघडली की मी आधी ‘एकूण पदे’ बघते आणि मग बाकीचं.

आता शब्दांकडे. ‘तासिका तत्त्वावर.’ मराठीत ‘तत्त्व’ हा भारदस्त शब्द आहे. माणसं तत्त्वासाठी तुरुंगात गेली. इथे ते तासाला किती पैसे द्यायचे याचं नाव आहे. ‘तास’चं ‘तासिका’ झालं की काम लहान, नाजूक, जवळजवळ लाडिक वाटायला लागतं. आणि मिळतं ते ‘वेतन’ नव्हे, ‘मानधन’. मान आणि धन हे दोन्ही शब्द जोडून जी रक्कम तयार होते, तिच्यात दोहोंपैकी काय आहे, ते प्रत्येकाने आपल्या बँकेच्या एसएमएसमध्ये बघावं. सहायक प्राध्यापकाचं सातव्या वेतन आयोगातलं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं, वर भत्ते. अतिथी अध्यापकासाठी यूजीसीने २०१९ मध्ये तासाला १,५०० आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये अशी मर्यादा घातली. भागाकार केला तर चौतिसाव्या तासाला मर्यादा ओलांडली जाते. नियमित सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास शिकवावं अशी अपेक्षा आहे. तेवढं शिकवलं तर तिसऱ्या आठवड्यातच तुमचं तत्त्व संपतं. राज्यातले तासिकेचे दर या दीड हजाराच्याही खाली आहेत.

आणि मग तो ‘अनुभव’. त्याच २०१८ च्या नियमावलीत म्हटलंय की कंत्राटी किंवा तात्पुरती सेवा पुढे मोजायची असेल, तर त्या काळातला एकूण पगार नियमित अध्यापकापेक्षा कमी नसावा. तासिका पद्धत आहेच कमी पैशात काम व्हावं म्हणून. म्हणजे वर्गात उभं राहून शिकवलेली वर्षं वर्गातल्या मुलांना आठवतात, कागदाला आठवत नाहीत. ग्रुपवर रात्री बारापर्यंत चालणारी चर्चा बहुतेक वेळा या एका अटीभोवती फिरते.

याच ग्रुपवर एक नाव वारंवार येतं: चांगदेव पाटील. भालचंद्र नेमाड्यांच्या ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’ आणि ‘झूल’ या १९७५ ते १९७९ दरम्यान आलेल्या कादंबऱ्यांचा नायक, इंग्रजीचा प्राध्यापक. कुणाची मुलाखत फिसकटली की ‘चांगदेव झाला’ असं लिहितात. स्टाफरूममधली गटबाजी, संस्थाचालकांची मर्जी, आडनावावरून जात हुडकणारे सहकारी, भाड्याची खोली, हे सगळं आम्हाला आमचंच वाटतं. ‘बिढार’ हा शब्द तर असा चपखल की नोकरी शोधणाऱ्याच्या संसाराला दुसरं नाव सुचत नाही.

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. चांगदेवला आपण आपला पूर्वज मानतो, ते चुकीच्या वंशावळीवरून. चांगदेवचं दुःख नोकरी मिळण्यानंतरचं आहे. तो एका गावातून दुसऱ्या गावी जाऊ शकतो, कारण दुसऱ्या गावी कॉलेज उघडलेलं आहे आणि तिथे इंग्रजी शिकवायला माणूस हवा आहे. तो काळच विस्ताराचा होता. १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ, १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ, पाठोपाठ तालुक्याच्या गावी कॉलेजं. व्यवस्थेचा त्याला येणारा वीट खरा आहे, पण तो आतल्या माणसाचा वीट आहे. त्याला सोडून जाण्याचं स्वातंत्र्य आहे, आणि चारही कादंबऱ्यांची चाल त्या सोडून जाण्यावर उभी आहे. तासिकेवरच्या माणसाला राजीनामा देता येत नाही, कारण देण्यासारखं काही हातात नसतं. परीक्षा सुरू झाल्या की त्याचं काम आपोआप संपतं, आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखत, पुन्हा तीच फाइल, पुन्हा झेरॉक्सचे संच. या गोल फिरण्याला चार खंडांची कादंबरी पुरवता येईल का, मला शंका आहे. चांगदेवचं बिढार निदान पुढे सरकतं.

आम्ही चांगदेवमध्ये स्वतःला पाहतो तेव्हा आणखी एक गोष्ट करतो: कॉलेज म्हणजे स्टाफरूम, असं धरून चालतो. मराठीतल्या प्राध्यापकांनी लिहिलेल्या प्राध्यापकांच्या कादंबऱ्यांनी ही सवय लावली. शिपाई, कारकून, हेडक्लार्क तिथे येतात, चहा आणतात, नोटीस फिरवतात, कधी बातमी फोडतात. ते प्राध्यापकाच्या नजरेच्या टप्प्यात असेपर्यंतच पानावर असतात. त्यांना ही नोकरी कशी लागली, किती वर्षं हंगामी होते, वशिला कुणाचा लागला की लागलाच नाही, याची गोष्ट कादंबरीला महत्त्वाची वाटत नाही. सगळं मराठी वाङ्मय मी वाचलेलं नाही. पण विद्यापीठाच्या परीक्षा विभागातल्या कनिष्ठ लिपिकाला नायक करणारी गाजलेली मराठी कादंबरी कोणती, असं विचारलं तर मला नाव सांगता येत नाही.

आणि याची मुळं मला त्या जाहिरातीच्याच एका शब्दात दिसतात.

शिक्षकेतर. शिक्षक अधिक इतर. कक्षाधिकारी, वरिष्ठ सहायक, लघुलेखक, प्रयोगशाळा परिचर, वाहनचालक, तारतंत्री, माळी, हमाल, शिपाई: यांच्यात समान काय? एवढंच, की ते शिक्षक नाहीत. माणसं काय करतात ते न सांगता काय करत नाहीत ते सांगणारा हा शब्द. रुग्णालयात नर्सला कुणी ‘डॉक्टरेतर’ म्हणत नाही. एसटीत वाहकाला ‘चालकेतर’ म्हणत नाहीत. विद्यापीठाने मात्र एक मध्य ठरवला आणि उरलेल्या जगाला ‘इतर’ म्हटलं. सीमारेषाही मजेशीर आहे. यूजीसीची नियमावली ग्रंथपालाला शिक्षकांच्या शेजारी बसवते. तेच पुस्तक फडताळातून काढून आणणारा ग्रंथालय परिचर रेषेपलीकडे.

‘इतर’ नसले तर काय होतं, ते २०२३ च्या फेब्रुवारीत दिसलं. आश्वासित प्रगती योजना आणि सातव्या वेतन आयोगाचे लाभ या मागण्यांसाठी राज्यभरातल्या विद्यापीठांच्या कर्मचाऱ्यांनी आधी परीक्षेच्या कामावर बहिष्कार घातला, मग संप केला. परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. प्राध्यापक हजर होते, विद्यार्थी हजर होते. बैठक व्यवस्था लावणारे, गठ्ठे मोजणारे, कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते ते नव्हते.

या ‘इतर’ जागांची जाहिरात शिक्षकांच्या जाहिरातीपेक्षा कोरडी असते, आणि मला ती जास्त प्रामाणिक वाटते. कनिष्ठ लिपिक: कोणत्याही शाखेची पदवी, मराठी टंकलेखन मिनिटाला ३० शब्द, इंग्रजी ४०, एमएस-सीआयटी. वय खुल्या प्रवर्गाला ३८ पर्यंत, मागासवर्गीयांना ४३. तीस म्हणजे तीस. ‘व्यक्तिमत्त्व’, ‘विषयाची जाण’, ‘संशोधनाची दृष्टी’ अशा ज्या गोष्टी मुलाखतीच्या खोलीत हव्या तशा ताणता येतात, त्या इथे नाहीत. अडचण एकच: अशी जाहिरात निघतेच क्वचित. ज्यांना ही नोकरी शोधायची आहे, त्यांनी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ‘भरती’ या दुव्यावर बसून राहण्यात अर्थ नाही.

कारण मोठं विद्यापीठ माणसं तीन वेगवेगळ्या लेखनप्रकारांतून शोधतं, आणि तीनही वेगवेगळ्या पानांवर असतात. पहिला प्रकार ही जाहिरात. तिच्या शेवटी नेहमीची ओळ असते, कोणतंही कारण न देता प्रक्रिया रद्द करण्याचा अधिकार राखून ठेवल्याची. दुसरा प्रकार विभागाची नोटीस. एखाद्या प्राध्यापकाला संशोधन प्रकल्प मिळतो, त्यात प्रकल्प सहायकाची जागा असते, आणि विभाग एका पानाची सूचना काढतो: अमुक तारखेला, सकाळी साडेदहाला, मूळ कागदपत्रांसह थेट मुलाखतीला या, प्रवासखर्च मिळणार नाही. ही सूचना मुख्य पानावर यायलाच हवी असं नाही. ती विभागाच्या पानावर असते, फलकावर असते, आणि सगळ्यांत आधी त्या विभागातल्या कुणाच्या तरी स्टेटसवर असते. म्हणून ओळखीपाळखी. वशिला म्हणजे दर वेळी कुणाचा तरी फोन असतो असं नाही; पुष्कळदा ती फक्त तीन दिवस आधी मिळालेली माहिती असते. गडचिरोलीच्या मुलीला मंगळवारच्या मुलाखतीची नोटीस सोमवारी दुपारी दिसली, तर तिच्यावर अन्याय कुणी केला हे दाखवायला बोट ठेवायची जागा सापडत नाही.

तिसरा प्रकार सापडायला मला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण तो ‘भरती’खाली नसतोच. तो ‘निविदा’खाली असतो. सुरक्षा, साफसफाई, बागकाम, आणि आता कितीतरी ठिकाणी संगणकचालक आणि कार्यालयीन मदतनीससुद्धा, ‘मनुष्यबळ पुरवठा’ या नावाने एजन्सीकडून घेतले जातात. निविदेत माणसं संख्येने असतात: इतके कुशल, इतके अकुशल, इतक्या पाळ्या. त्याच पानावर फिनेल, झाडू आणि यंत्रांची यादी. अर्ज माणसाने करायचा नसतो, कंपनीने करायचा असतो. अनामत रक्कमही तिनेच भरायची. एजन्सी बदलली की तोच माणूस त्याच फाटकावर उभा असतो, फक्त खांद्यावरचा बिल्ला बदलतो. ‘शिक्षकेतर’ या शब्दाबद्दल मी इतकं वाकडं बोलले, पण या लोकांना तोही लागू नाही. कागदावर ते विद्यापीठाचे ‘इतर’सुद्धा नाहीत.

इथे नारायण सुर्वे आठवतात, आणि नुसते शोभेला नव्हे. ‘माझे विद्यापीठ’ हा त्यांचा संग्रह १९६६ चा. गिरणीत काम केलेला, शाळेत शिपाई असलेला आणि पुढे शिक्षक झालेला हा माणूस. रेषेच्या दोन्ही बाजूंना तो राहिला होता. विद्यापीठ हा शब्द त्याने पदवीधरांच्या हातून काढून घेतला आणि रस्त्याला दिला. आपण त्याचं काय केलं? अभ्यासक्रमात घेतलं, त्यावर सोळा गुणांचे प्रश्न काढले, कामगार जाणिवेवर चर्चासत्रं भरवली. अशा चर्चासत्रात मी बसले आहे. मागे सतरंज्या अंथरणारी, पाण्याचे जार उचलणारी मुलं एजन्सीची होती, आणि दुपारच्या जेवणाची कुपनं छापताना त्यांची मोजदाद कुणी केली नव्हती. निबंध चांगले होते, हेही सांगायला हवं.

समीक्षकांना माझी खरी तक्रार इथे आहे. सुर्व्यांना आपण ‘विद्यापीठाबाहेरचा कवी’ म्हणून वाचलं, आणि चांगदेवला ‘विद्यापीठातला एकाकी माणूस’ म्हणून. दोन्ही वाचनांत विद्यापीठ म्हणजे शिक्षक आणि विद्यार्थी, एवढंच गृहीत आहे. जाहिरातीची व्याख्या आपण समीक्षेत जशीच्या तशी घेतली. शिपाई सुर्वे शाळेच्या आतच होते. आतल्या माणसाला बाहेरचा कवी म्हणून गौरवायचं, म्हणजे त्याच्याच इमारतीच्या फाटकावर उभं करून त्याला हार घालण्यासारखं आहे.

लिहिणारे येतील असं वाटतं, आणि कुठून येतील तेही दिसतं. वर्षानुवर्षं पदं रिकामी राहिल्यामुळे रेषेच्या अलीकडची माणसं आता पलीकडे अर्ज करू लागली आहेत. यूजीसीने २०२३ च्या जुलैपासून सहायक प्राध्यापकासाठी पीएच.डी.ची सक्ती काढली, तोवर कितीतरी जणांनी त्या सक्तीपायी पाच-सहा वर्षं घातली होती. त्यांतली एक माझी मैत्रीण. ग्रामीण कादंबरीवर प्रबंध, नऊ वर्षं तासिकेवर, वय ३६. गेल्या महिन्यात तिने कनिष्ठ लिपिकाचा फॉर्म भरला. फॉर्ममधले शिक्षणाचे रकाने दहावी, बारावी, पदवी असे येऊन थांबत होते. एम.ए., सेट आणि पीएच.डी. तिने ‘इतर अर्हता’ या रकान्यात लिहिली. तिथे पन्नास अक्षरांची मर्यादा होती, त्यामुळे प्रबंधाचा विषय मावला नाही. इंग्रजी चाळीसचं प्रमाणपत्र तिच्याकडे होतंच. मराठी तीससाठी ती सध्या रोज सकाळी सात ते आठ एका टंकलेखन संस्थेत जाते. तिथे तिच्या शेजारी बारावी झालेली मुलं बसतात, आणि जोडाक्षरांत ती अजून त्यांच्या मागे आहे.